निमित्त आणि कारण : पहिल्या महायुद्धाची पार्श्वभूमी

प्रास्ताविक

‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ’ ही म्हण तुम्ही अनेकदा ऐकली असेल. योगायोगाने घडलेल्या गोष्टीविषयी बोलताना आपण ती वापरतो. फांदी मोडून पडली की पाहणाऱ्याला उडून जाणारा कावळा दिसतो. आतून पोखरलेले लाकूड मात्र दिसत नाही. कावळा हे फांदी तुटण्याचे निमित्त असते. तिचे कारण मात्र लाकडाच्या आत, फार दिवसांपासून तयार होत असते.

‘निमित्त’ आणि ‘कारण’ हे दोन शब्द रोजच्या बोलण्यात आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. इतिहासाचा विचार करताना मात्र त्यांच्यातील फरक लक्षात ठेवावा लागतो. इ. स. १९१४ मध्ये युरोपात सुरू झालेल्या पहिल्या महायुद्धाच्या आधारे हा फरक आपण प्रस्तुत पाठात समजून घेणार आहोत. एका तरुणाने झाडलेल्या दोन गोळ्यांमुळे हे युद्ध झाले, असे सांगितले जाते. परंतु दोन गोळ्यांनी चार साम्राज्ये कोसळतील काय? या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा या पाठाचा हेतू आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• घटनेचे निमित्त आणि तिची कारणे यांतील फरक सांगता येईल;
• पहिल्या महायुद्धामागील प्रमुख कारणे क्रमाने लिहिता येतील;
• जुलै १९१४ मधील घटनांची साखळी स्पष्ट करता येईल;
• या युद्धाचा भारताशी असलेला संबंध सांगता येईल;
• कार्यकारणसंबंध दाखवणाऱ्या शब्दांचा योग्य वापर करता येईल.

मूळ पाठ

१. सारायेव्होची सकाळ

२८ जून १९१४ हा रविवार होता. बोस्निया प्रांताची राजधानी असलेल्या सारायेव्हो शहरात ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड आपल्या पत्नी सोफी यांच्यासह आले होते. बोस्निया त्या वेळी ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता आणि तेथील अनेक स्लाव्ह तरुणांना ही सत्ता परकी वाटत होती. शेजारच्या सर्बियाशी आपला प्रांत जोडला जावा, दक्षिणेकडील सर्व स्लाव्ह लोकांचे एक राष्ट्र व्हावे, असे त्यांचे स्वप्न होते. अशाच काही तरुणांनी युवराजांच्या हत्येचा कट रचला होता.

सकाळी युवराजांच्या मोटारीवर बॉम्ब फेकण्यात आला. तो मोटारीला लागून खाली पडला आणि मागच्या गाडीजवळ फुटला. काही माणसे जखमी झाली. युवराज मात्र बचावले. नगरभवनातील स्वागत आटोपल्यावर त्यांनी जखमींना भेटण्यासाठी रुग्णालयात जायचे ठरवले. बदललेला मार्ग चालकापर्यंत पोहोचलाच नाही. त्याने मोटार आधी ठरलेल्या रस्त्याकडे वळवली आणि चूक लक्षात येताच ती थांबवली. नेमका तेथेच गाव्रिलो प्रिन्सिप हा एकोणीस वर्षांचा तरुण उभा होता. त्याने जवळून दोन गोळ्या झाडल्या. युवराज आणि त्यांच्या पत्नी दोघेही मृत्युमुखी पडले.

निरोप पोहोचला असता किंवा मोटार सरळ पुढे गेली असती, तर त्या दिवशी कदाचित ही हत्या घडली नसती. मग महायुद्धही टळले असते काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी चाळीस-पन्नास वर्षे मागे जावे लागते.

२. जुनी जखम

इ. स. १८७१ पूर्वी जर्मनी नावाचे एकसंध राष्ट्र नव्हते. अनेक लहानमोठ्या राज्यांना प्रशियाच्या नेतृत्वाखाली एकत्र आणण्याचे कार्य बिस्मार्क या मुत्सद्द्याने केले. त्यासाठी त्याने जी युद्धे केली, त्यांतील अखेरचे युद्ध फ्रान्सविरुद्ध होते. त्यात फ्रान्सचा पराभव झाला. जानेवारी १८७१ मध्ये नव्या जर्मन साम्राज्याची घोषणा झाली, ती जर्मनीत नव्हे, तर फ्रान्समधील व्हर्साय येथील राजवाड्यात. पराभूत राष्ट्राच्या वैभवाच्या जागी विजेत्यांनी आपला उत्सव साजरा केला. शिवाय फ्रान्सकडून अल्सास आणि लॉरेन प्रांताचा काही भाग घेण्यात आला आणि पाच अब्ज फ्रँक एवढी युद्धखंडणीही लादण्यात आली.

फ्रान्सने खंडणी मुदतीच्या आतच फेडली. परंतु गेलेला प्रदेश तो विसरला नाही. युरोपच्या मध्यभागी एक सामर्थ्यवान साम्राज्य उभे राहिले आणि त्याच्या शेजारी एक दुखावलेले राष्ट्र कायमचे जागे राहिले. पुढील घटनांचा हा पाया होता.

३. करारांचे जाळे

फ्रान्स सूड घेईल, ही धास्ती बिस्मार्कला होती. म्हणून फ्रान्सला मित्र मिळू नयेत, असे धोरण त्याने आखले. १८७९ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांचा करार झाला. १८८२ मध्ये इटली त्यात सामील झाली आणि त्रिराष्ट्र करार अस्तित्वात आला. रशियाशीही बिस्मार्कने वेगळा गुप्त करार करून ठेवला होता. १८९० मध्ये तरुण कैसर विल्यम दुसरा याने बिस्मार्कला सत्तेवरून दूर केले आणि रशियाशी असलेला करार पुढे चालू ठेवला नाही. एकटा पडलेला रशिया साहजिकच फ्रान्सकडे वळला. १८९४ पर्यंत या दोन देशांची युती पक्की झाली.

ब्रिटन बराच काळ या साऱ्यापासून अलिप्त होता. परंतु जर्मनीचे वाढते सामर्थ्य पाहून त्याने १९०४ मध्ये फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी जुने तंटे मिटवले. अशा रीतीने युरोपातील मोठी राष्ट्रे दोन गटांत विभागली गेली.

यातील प्रत्येक करार स्वसंरक्षणासाठी केला होता, असे प्रत्येक राष्ट्र सांगत होते आणि ते बऱ्याच अंशी खरेही होते. परंतु एकाला जे कुंपण वाटत होते, ते दुसऱ्याला आपल्याभोवती पडलेला वेढा वाटत होता. जर्मनीच्या पूर्वेला रशिया होता आणि पश्चिमेला फ्रान्स. जर्मन सेनानी आपण दोन्ही बाजूंनी कोंडले गेलो आहोत, असे मानू लागले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. करारांमुळे सर्व राष्ट्रे आपोआप युद्धात ओढली गेली, असे म्हणणे पूर्णपणे बरोबर नाही. इटली कराराने जर्मनीशी बांधलेली असूनही १९१४ मध्ये तटस्थ राहिली आणि १९१५ मध्ये तर विरुद्ध बाजूने युद्धात उतरली. ब्रिटनवर फ्रान्ससाठी लढण्याचे लेखी बंधन नव्हते. तरीही ब्रिटन लढला. म्हणजेच कागदावरील शब्दांइतकेच ते अमलात आणणाऱ्या माणसांचे निर्णयही महत्त्वाचे होते.

पाठगत प्रश्न १
(अ) जर्मन साम्राज्याची घोषणा कोठे झाली?
(आ) त्रिराष्ट्र करारात कोणती तीन राष्ट्रे होती?
(इ) रशिया फ्रान्सकडे का वळला?

४. वसाहती, आरमार आणि भीती

एकोणिसाव्या शतकात युरोपातील कारखान्यांना कच्चा माल हवा होता आणि तयार मालाला बाजारपेठा हव्या होत्या. त्यासाठी आशिया आणि आफ्रिका या खंडांतील प्रदेश ताब्यात घेण्याची चढाओढ लागली. १८८४-८५ मध्ये बर्लिन येथे भरलेल्या परिषदेत युरोपीय राष्ट्रांनी आफ्रिकेत प्रदेश मिळवण्याचे नियम ठरवले. ज्या खंडाविषयी हे नियम ठरत होते, त्या खंडातील एकाही लोकसमूहाचा प्रतिनिधी त्या बैठकीत नव्हता.

ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मोठे भूभाग आधीच मिळवले होते. उशिरा एकसंध झालेल्या जर्मनीच्या वाट्याला त्या मानाने थोडे आले. मोरोक्कोवरील प्रभुत्वाच्या प्रश्नावरून १९०५ मध्ये आणि पुन्हा १९११ मध्ये जर्मनी आणि फ्रान्स यांच्यात तणाव निर्माण झाला. दोन्ही वेळा युद्ध टळले. पण दोन्ही वेळा ब्रिटन फ्रान्सच्या पाठीशी उभा राहिला आणि जर्मनीचा संशय वाढत गेला.

त्याच काळात समुद्रावरही स्पर्धा सुरू झाली होती. ब्रिटन हे बेटावरील राष्ट्र. त्याचे बरेचसे अन्नधान्य जहाजांनी येत असे. म्हणून बलाढ्य आरमार ही त्याला जीवनमरणाची बाब वाटत होती. जर्मनीने १८९८ आणि १९०० मध्ये कायदे करून मोठे आरमार बांधायला घेतले. ते ब्रिटनच्या डोळ्यांत खुपू लागले. १९०६ मध्ये ब्रिटनने ‘ड्रेडनॉट’ ही नव्या पद्धतीची युद्धनौका समुद्रात उतरवली. अवजड तोफा आणि अधिक वेग यांमुळे तिच्यापुढे जुन्या युद्धनौका निष्प्रभ ठरल्या. मग तशाच नौका अधिकाधिक संख्येने बांधण्याची शर्यत लागली.

जमिनीवरील सैन्याची स्थितीही वेगळी नव्हती. १९१३ मध्ये जर्मनीने आपले सैन्य वाढवले. त्याच वर्षी फ्रान्सने सक्तीच्या लष्करी सेवेची मुदत दोन वर्षांवरून तीन वर्षांवर नेली. रशियाने १९१७ पर्यंत पूर्ण होणारा सैन्यवाढीचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्यामुळे काही जर्मन सेनानींच्या मनात एक घातक विचार घर करू लागला : युद्ध होणारच असेल, तर रशिया बलवान होण्याच्या आधी झालेले बरे. शस्त्रे सुरक्षिततेसाठी जमवली जात होती. परंतु शस्त्रे वाढत गेली तसतशी सुरक्षिततेची भावना कमी होत गेली.

५. बाल्कनमधील असंतोष

युरोपच्या आग्नेय भागाला बाल्कन प्रदेश म्हणतात. येथे पूर्वी तुर्कस्तानच्या ऑटोमन साम्राज्याची सत्ता होती. ती दुबळी होऊ लागली, तेव्हा सर्बिया, बल्गेरिया, ग्रीस यांसारखी राष्ट्रे उदयाला आली. रिकाम्या होणाऱ्या या जागेवर ऑस्ट्रिया-हंगेरी आणि रशिया या दोन साम्राज्यांचा डोळा होता. स्लाव्ह आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा पाठीराखा म्हणून रशिया सर्बियाला आधार देत असे.

ऑस्ट्रिया-हंगेरीत जर्मन, मग्यार, चेक, पोल, क्रोएट, सर्ब, रुमेनियन असे अनेक भाषांचे लोक राहत होते. १८४८ पासून राज्य करणारे वृद्ध सम्राट फ्रान्झ जोसेफ यांच्याविषयीचा आदर हा या साम्राज्याला जोडून ठेवणारा एक धागा होता. ‘एक भाषा, एक लोक, एक राष्ट्र’ हा विचार अशा साम्राज्याच्या मुळावर येणारा होता. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया आणि हर्झेगोव्हिना हे प्रांत आपल्या राज्याला अधिकृतपणे जोडले. सर्बियात संतापाची लाट उसळली. जपानबरोबरच्या १९०४-०५ मधील युद्धात हरलेला रशिया त्या वेळी सर्बियाला मदत करू शकला नाही. ही नामुष्की रशियाच्या मनात सलत राहिली. १९१२ आणि १९१३ मधील दोन बाल्कन युद्धांनंतर सर्बियाचा प्रदेश जवळजवळ दुप्पट झाला आणि ऑस्ट्रियाची चिंता आणखी वाढली. राष्ट्राभिमानाला सूडबुद्धीचे खतपाणी मिळत होते.

युवराजांच्या भेटीसाठी निवडलेला दिवसही दुर्दैवी ठरला. इ. स. १३८९ मध्ये कोसोव्हो येथे तुर्कांशी झालेल्या लढाईचे स्मरण सर्ब लोक २८ जून रोजीच करतात. त्या स्मृतिदिनी परक्या सत्तेचा वारस बोस्नियाच्या राजधानीत मिरवत येतो, हे अनेक सर्बांना जाणूनबुजून केलेले डिवचणे वाटले.

पाठगत प्रश्न २
(अ) ब्रिटनला बलाढ्य आरमाराची गरज का वाटत होती?
(आ) ऑस्ट्रिया-हंगेरीला राष्ट्रवादाची भीती का वाटत होती?
(इ) रशिया १९०८ मध्ये सर्बियाला मदत का करू शकला नाही?

६. सदतीस दिवस

फांदी अशी आतून पोखरली गेली होती. तरीही सारायेव्होतील हत्येनंतर लगेच युद्ध सुरू झाले नाही. २८ जून ते ४ ऑगस्ट या सदतीस दिवसांत थांबण्याच्या संधी पुन्हापुन्हा आल्या आणि त्या एकेक करून निसटल्या.

सर्बियाला धडा शिकवायचा, असे ऑस्ट्रियाने ठरवले. जुलैच्या पहिल्या आठवड्यातच जर्मनीने त्याला बिनशर्त पाठिंब्याचे वचन दिले. मित्राच्या हातात कोरा धनादेश द्यावा, तसे हे वचन होते. २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता पाठवला आणि उत्तरासाठी अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली. अटी कठोर होत्या. सर्बियाने त्यांतील बहुतेक मान्य केल्या. आपल्या भूमीवरील चौकशीत ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी भाग घेण्याची अट मात्र नाकारली. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांनी चार राष्ट्रांची परिषद बोलावण्याची सूचना केली. जर्मनीने ती स्वीकारली नाही.

२८ जुलैला सकाळी कैसरने सर्बियाचे उत्तर वाचले आणि आता युद्धाचे कारणच उरले नाही, असे मत त्याने नोंदवले. परंतु त्याच दिवशी ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले.

यानंतर निर्णयांची सूत्रे मुत्सद्द्यांच्या हातून सेनानींच्या वेळापत्रकाकडे गेली. लाखो सैनिक रेल्वेने सीमेवर नेण्याच्या योजना प्रत्येक देशाने आधीच तयार केल्या होत्या. जो मागे राहील तो हरेल, अशी सर्वांची समजूत होती. त्यामुळे एकाने सैन्याची जमवाजमव सुरू केली की दुसऱ्याला थांबणे धोक्याचे वाटे. झार निकोलस दुसरा आणि कैसर विल्यम हे नात्याने एकमेकांचे आप्त होते. या दिवसांत ते ‘निकी’ आणि ‘विली’ अशा घरगुती नावांनी एकमेकांना तारा पाठवत होते. २९ जुलैला झारने संपूर्ण जमवाजमवीचा हुकूम मागे घेतला; मात्र दुसऱ्याच दिवशी मंत्र्यांच्या आणि सेनानींच्या आग्रहामुळे तो पुन्हा दिला. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध जाहीर केले.

जर्मनीची योजना तर अधिकच ताठर होती. प्रथम बेल्जियममार्गे फ्रान्सवर चाल करून सुमारे सहा आठवड्यांत त्याचा पराभव करायचा आणि नंतर पूर्वेला रशियाकडे वळायचे, असे तिचे स्वरूप होते. म्हणजे भांडण पूर्वेकडे पेटले, तरी पहिला घाव पश्चिमेकडे पडणार होता. १ ऑगस्टच्या संध्याकाळी फ्रान्स तटस्थ राहील अशी आशा कैसरला क्षणभर वाटली आणि सर्व सैन्य पूर्वेला वळवण्याची इच्छा त्याने व्यक्त केली. ते आता शक्य नाही, असे सरसेनापती मोल्टके याने सांगितले. माणसांनी योजना आखल्या होत्या. आता योजना माणसांना चालवीत होत्या.

३ ऑगस्टला जर्मनीने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले आणि ४ ऑगस्टला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरले. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या तहाने मोठ्या राष्ट्रांनी दिली होती. त्यामुळे त्याच दिवशी ब्रिटनही युद्धात उतरला. कामगारांनी एकजुटीने युद्ध रोखावे, यासाठी झटणारे फ्रान्सचे समाजवादी नेते जाँ जोरेस यांची ३१ जुलैला पॅरिसमध्ये हत्या झाली होती. शांततेसाठी उठणारा एक महत्त्वाचा आवाज ऐन वेळी बंद झाला.

७. भारताचा संबंध

युद्धाची कारणे युरोपातील होती. परंतु ब्रिटनने युद्ध पुकारताच भारतही त्यात आपोआप सामील झाला. भारतीय जनतेला याविषयी कोणी विचारले नाही. २६ सप्टेंबर १९१४ रोजी भारतीय सैनिकांच्या पहिल्या तुकड्या फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरल्या. संपूर्ण युद्धकाळात दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक आणि मजूर परदेशी रवाना झाले. फ्रान्स, मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका, इजिप्त, गॅलिपोली अशा दूरदूरच्या रणभूमींवर ते पाठवले गेले. त्यांपैकी सुमारे ७४,००० जण परत आले नाहीत.

महाराष्ट्राचाही या इतिहासात वाटा आहे. पुण्याच्या नावाने ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये आजच्या इराकच्या किनाऱ्यावर उतरली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये कुट या गावी ती शत्रूच्या वेढ्यात सापडली. जवळजवळ पाच महिने उपासमार आणि रोगराई सोसल्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरण जावे लागले. पुढे बंदिवासातही अनेकांचा अंत झाला. अल्सास कोणाचे आणि बोस्निया कोणाचा, या वादांशी या सैनिकांचा काय संबंध होता? साम्राज्यांच्या स्पर्धेची किंमत कोणाकोणाला मोजावी लागते, हे या प्रश्नावरून कळते. दिल्लीतील इंडिया गेट या स्मारकावर कोरलेली हजारो नावे त्या किमतीची आठवण करून देतात.

८. दोष कोणाचा?

११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले. तोवर सुमारे नव्वद लाखांहून अधिक सैनिक मरण पावले होते. जर्मन, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशियन आणि ऑटोमन ही चार साम्राज्ये कोसळली. सारायेव्होच्या घटनेला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे २८ जून १९१९ रोजी, व्हर्साय येथे तह झाला. जेथे १८७१ मध्ये जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती, त्याच राजवाड्यात आता जर्मनीला मान खाली घालून सही करावी लागली. या तहाने युद्धातील हानीची जबाबदारी जर्मनी आणि त्याच्या मित्रराष्ट्रांवर टाकली. जर्मन जनतेच्या मनात हा अपमान खदखदत राहिला आणि दुसऱ्या महायुद्धाकडे नेणाऱ्या असंतोषात त्याची भर पडली. फ्रान्सची जुनी जखम भरली, तेव्हा जर्मनीला नवी झाली.

इतिहासकारांचे याबाबत आजही एकमत नाही. फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने १९६१ मध्ये आपल्याच देशाच्या विस्तारवादी धोरणावर मुख्य ठपका ठेवला. ख्रिस्तोफर क्लार्क यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सर्वच राजधान्यांमधील नेते परिणामांची जाणीव नसल्यासारखे पुढे चालत गेले, असे मांडले. कोणाचा दोष अधिक आणि कोणाचा कमी, याविषयी मतभेद असू शकतात. मात्र केवळ प्रिन्सिपच्या गोळ्यांनी महायुद्ध घडवले, असे कोणताही अभ्यासक म्हणत नाही.

निमित्त हे बहुधा अचानक येते. त्यावर कोणाचाच ताबा नसतो. कारणे मात्र हळूहळू साठत जातात आणि ती साठत असताना ती दूर करण्याची संधीही असते. पराभूताचा अपमान न करणे, संशय वाढण्याआधी बोलणी करणे, शस्त्रांची शर्यत थांबवणे आणि दुसऱ्याच्या भूमीवर हक्क न सांगणे या गोष्टी १८७१ पासून १९१४ पर्यंत अशक्य नव्हत्या. फांदी कधी तुटेल, हे कोणाला सांगता येणार नाही. परंतु ती पोखरली जात आहे की नाही, हे वेळीच पाहता येते. युद्धाची कारणे अभ्यासण्याचे खरे प्रयोजन हेच आहे.

शब्दार्थ

मुत्सद्दी – राजकारणात निष्णात व्यक्ती
युद्धखंडणी – पराभूत राष्ट्राकडून वसूल केलेली रक्कम
निर्वाणीचा – शेवटचा, यापुढे तडजोड नाही असे बजावणारा
खलिता – राजकीय पत्र
तटस्थ – कोणत्याही बाजूला न जाणारा
नामुष्की – मानहानी
पलटण – सैनिकांची तुकडी

भाषाभ्यास

१. कार्यकारणसंबंध : ‘फ्रान्स सूड घेईल, ही धास्ती बिस्मार्कला होती. म्हणून त्याने धोरण आखले.’ येथे आधी कारण आले आहे आणि नंतर कार्य. हाच आशय ‘बिस्मार्कने धोरण आखले, कारण त्याला फ्रान्सची धास्ती होती’ असाही सांगता येतो. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘परिणामी’ हे शब्द कार्याच्या आधी येतात, तर ‘कारण’ हा शब्द कारणाच्या आधी येतो.

२. वाक्प्रचार : डोळ्यांत खुपणे – सहन न होणे, पाठीशी उभे राहणे – आधार देणे, खतपाणी मिळणे – वाढीला मदत होणे, मुळावर येणे – नाशाला कारण होणे.

३. समास : महायुद्ध – मोठे असे युद्ध (कर्मधारय), त्रिराष्ट्र – तीन राष्ट्रांचा समूह (द्विगू), जीवनमरण – जीवन किंवा मरण (वैकल्पिक द्वंद्व).

तुम्ही काय शिकलात?

• सारायेव्होतील हत्या हे पहिल्या महायुद्धाचे निमित्त होते.
• जुने वैर, परस्परविरोधी गट, वसाहतींची व शस्त्रांची स्पर्धा आणि आक्रमक राष्ट्रवाद ही त्याची कारणे होती.
• जुलै १९१४ मध्ये युद्ध टाळण्याच्या संधी होत्या. भीती, हट्ट आणि ताठर लष्करी योजना यांमुळे त्या वाया गेल्या.
• पारतंत्र्यामुळे भारताला या युद्धाची मोठी किंमत मोजावी लागली.

पाठान्त प्रश्न

१. ‘निमित्त’ आणि ‘कारण’ यांतील फरक तुमच्या परिसरातील एखाद्या घटनेच्या आधारे आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.
२. ‘एकाला जे कुंपण वाटत होते, ते दुसऱ्याला वेढा वाटत होता’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे सांगा.
३. २३ जुलै ते ४ ऑगस्ट १९१४ या काळातील घटना क्रमाने लिहा. त्यांपैकी कोणत्या टप्प्यावर युद्ध टाळता आले असते, असे तुम्हांला वाटते? सकारण लिहा.
४. व्हर्साय येथील १८७१ आणि १९१९ मधील घटनांची तुलना करा.
५. ‘त्यामुळे’ आणि ‘कारण’ हे शब्द वापरून प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) फ्रान्समधील व्हर्साय येथील राजवाड्यात. (आ) जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली. (इ) जर्मनीने रशियाशी असलेला करार पुढे चालू न ठेवल्यामुळे रशिया एकटा पडला होता.
२. (अ) बरेचसे अन्नधान्य समुद्रमार्गे येत असल्यामुळे. (आ) साम्राज्यात अनेक भाषांचे लोक राहत असल्यामुळे ते फुटण्याची शक्यता होती. (इ) जपानबरोबरच्या युद्धातील पराभवामुळे तो दुर्बल झाला होता.